मे महिन्यातला नाताळ

बोईसर
१४ सप्टेंबर २०२५

ती. जमुनाआत्यास,
तेजलचा सा. न. आणि प्रभूच्या नावात सलाम.

तुझी अट पाळून पत्रच लिहिते आहे. 'मी लिहायला शिकले ती काय फोन कानाला लावायला?' असं तू मागे सुनावलंस ते विसरले नाही.

काम असं की, येत्या नाताळात आपल्या पाड्यातल्या ख्रिस्ती मंडळीला पंचवीस वर्षं होतात. २५ डिसेंबरला रौप्यमहोत्सव ठरलाय. मांडव पडणार, पाहुणे येणार, पुस्तिका निघणार. कमिटी सगळी आम्हा बोईसरच्या नोकरीवाल्यांची, आणि सेक्रेटरी कोण, तर तुझेच चिरंजीव! विनोददादाने मंडळीचा सुरुवातीचा इतिहास लिहायचं माझ्या गळ्यात मारलं. पहिलं वाक्य मात्र स्वतः देऊन ठेवलंय, की २५ डिसेंबर २००० रोजी पाड्यात पहिला नाताळ मोठ्या उत्साहात साजरा झाला. पुढे मला काही सुचेना. पहिल्या सात जणांत तुझा बाप्तिस्मा झालेला, तेव्हा तूच सगळं लिहून पाठव.

गुडघ्याला तेल लावत जा, आणि भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
तेजल


काटेलपाडा
२८ सप्टेंबर

चि. तेजलला,
जमुनाआत्याचे अ. आ.

पत्र पोचलं. आधी हसले, मंग रागावले. कोणाचा उत्साह गं? त्या दिवशी पाड्यात झिपरू आजा आन तीन शेळ्या! बाकी आमी सगळी भिवंडीकडं वीटभट्टीवर. दिवाळी झाली की जायचं, वैशाख सरता सरता परत यायचं. तेव्हाही तसंच, आताही तसंच.

चंद्रकांताबाई पालघरच्या, बालवाडीच्या बाई. त्या सबंध पावसाळ्यात दर रविवारी उमरोळी स्टेशनावरून चालत यायच्या. आमाला मोहाच्या झाडाखाली बसवून प्रार्थना शिकवायच्या. आमी दिवाळीनंतर जातो हे त्यांना सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाय. आमाला वाटायचं, सगळ्या जगाला ठाऊक हाय! बाई नाताळाला करंज्यांचा डबा घेऊन आल्या, तर घरं बंद. आजाचा पाय मोडका, म्हणून तो मागं राहिलेला. दोघांनी मिळून एक गाणं म्हटलं आन करंज्या आजाने संपवल्या. बाईंनी विचारलं, माणसं कधी येतात? आजा म्हणाला, आंबे पिकले की. बाई म्हणाल्या, मंग नाताळही तेव्हाच करू.

आन केला ना! २००१चा मे महिना, भर ऊन. मोहावर बांबूचा तारा टांगला. शेजारच्या पाड्याला वाटलं, लग्न हाय. ती माणसं तारपा वाजवत आली आन नाचायला लागली. बाईंनी नाचू दिलं. जेवायला भात, आंबे आन समुद्राकाठच्या मुरबे गावच्या कोळणीकडचे सुके बोंबील. गव्हाणीत ठेवायला बाळ येशू पायजे, तर बाहुली आणायची कुठून? पाड्यात चार महिन्यांचं एकच पोर, जानेवारीत भट्टीवरच जन्मलेलं. ती तू. बाईंनी तुला टोपलीतून उचलून सगळ्यांना दाखवलं, आन तू त्यांच्या नव्या लुगड्यावर मुतलीस. हे पण लिही इतिहासात!

अक्षरंही मला बाईंनीच शिकवली. विसरू नये म्हणून मी भट्टीवर ओल्या विटांवर काडीने गिरवायची. कोणाच्या तरी बंगल्याच्या भिंतीत माझा 'ज' बसला असंल.

पाच-सहा वर्षं नाताळ मे महिन्यातच झाला. मंग पत्र्याचं प्रार्थनाघर उभं राहिलं, प्रार्थना चालवायला पाळक आले, नाताळ डिसेंबरात गेला. आमी तो भट्टीवर दोन मेणबत्त्या लावून करतो, त्याचं काय नाय. पण पंचवीस वर्षं एकदाच भरतात. त्या सात जणांतली आमी चार उरलो, चारही भट्टीवर असणार. तुमच्या मांडवात सुरुवातीचं एक माणूस दिसणार नाय. मला यायचं हाय गं तेजल.

जेवण टाळू नको. आत्याला धरून राहा.
जमुना


बोईसर
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न. आणि सलाम.

तुझं पत्र कमिटीत मोठ्याने वाचलं. लुगड्याचं वाचलं तेव्हा कमिटीतला मेहुल हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. आता मला सगळे बाळ येशू म्हणून हाक मारतात. तुला माफी नाही!

पण पुढचं लिहायला हात धजत नाही. महोत्सव मे महिन्यात करा, असं मी म्हटलं. विनोददादा म्हणाला, मे महिन्यात नाताळाचा मांडव घातला तर लोक हसतील. शिवाय पुस्तिकेत वीटभट्टी नको, कामानिमित्त बाहेरगावी असं लिही, म्हणाला. मी भांडले. हात वर झाले, चार विरुद्ध तीन. डिसेंबरच राहिला. तुझं पत्र झेरॉक्स काढायला म्हणून दादा घेऊन गेला, ते अजून परत दिलं नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी बोलणं सोडू नकोस.
तेजल


काटेलपाडा
२४ ऑक्टोबर

चि. तेजलला, अ. आ.

परवा ट्रक येतो, भांडी बांधली. वाईट वाटलं नाय असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? खूप वाटलं. रात्रीची भाकर गेली नाय.

तरी तुमी कार्यक्रम झोकात करा. पाहुण्यांना पोटभर वाढा. फक्त बाहेरगावी लिहू नको. बाहेरगावी साहेब लोक जातात. आमी भट्टीवर जातो, साच्यातून विटा पाडतो. मला त्याची कधी लाज वाटली नाय. विनोदला काय बोलू नको, त्याचंही काय कारण असंल. भट्टीचा पत्ता मागं लिहिलाय.

आठवण ठेव, पत्र धाड.
जमुना


बोईसर
९ नोव्हेंबर

ती. आईस,
विनोदचा शि. सा. न.

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. चुका मात्र काढशीलच.

तुझं पत्र झेरॉक्ससाठी नेलं आणि पुन्हा पुन्हा वाचत बसलो. पहिला नाताळ मे २००१ला झाला, तर पंचवीस वर्षं मे २०२६लाच भरतात. हे मला दिसत होतं, पण बघायचं नव्हतं. काल कमिटीत मीच पहिला हात वर केला. महोत्सव २४ मेला, रविवारी, मोहाखाली. इतिहास तुझ्याच शब्दांत छापतोय, वीटभट्टीसकट. पहिलं भाषण तुझं.

डिसेंबर का धरून बसलो होतो, तेही सांगतो. कंपनीतले माझ्या डिपार्टमेंटचे आठ जण महोत्सवाला येणार आहेत. त्यांना सहा वर्षं सांगत आलो की आई शेती बघते. डिसेंबरात तू नसतीस, म्हणजे कोणी काही विचारलं नसतं. इतका हलका विचार केला मी, आई. मला माफ कर.

काल डबा खाताना त्यांना सांगून टाकलं, माझी आई विटा पाडते. कोणी हसलं नाही. एकाने विचारलं, दिवसाला किती पाडते? मला सांगता येईना. एवढी वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं. तेवढं लिहून पाठव.

तुझा,
विनोद