एकोणऐंशी गुण

३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक भिंगरी माझ्याकडे मजेत आहे, असं दर पत्रात लिहिते. आज लिहवत नाही. पोरगी जेवण चिवडते, काही विचारलं की काही नाही म्हणते.

पाचवीच्या चार तुकड्यांतल्या वीस हुशार मुली काढून मी वरच्या मजल्यावर वेगळा वर्ग केला, हे तुला ठाऊक आहे. मुख्याध्यापिका झाल्यापासूनचं माझं स्वप्न. तिथे टिकायला शंभरपैकी ऐंशी हवेत, हे परीक्षेआधीच फलकावर लावलं होतं. भिंगरीला एकोणऐंशी! तिच्या वर्गाच्या बाई म्हणतात, एक गुण वाढवा. घरच्या भाचीला वाढवू? शाळाभर बोंब होईल. पंधरा तारखेला वरच्या वर्गाची यादी शाळेच्या समितीपुढे जायची आहे. मला वाटतं, तिला झेपत नाही. तुझ्याकडे परत पाठवू का? लगेच कळव.

तुझी काळजीत पडलेली,
ताई

६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच.

माझ्या कारखान्याची एक गोष्ट सांगतो. दिवसाला साठ नग काढणाऱ्याला मी नव्या शेडमध्ये न्यायचो. चकचकीत मशीन, वर पंखा. आमचा एक लेथवाला मात्र रोज एकोणसाठ काढायचा. महिनाभर एकोणसाठ! ना अठ्ठावन्न, ना साठ. सगळे म्हणाले, बिचाऱ्याचं नशीब. मी कान लावला. लेथ लोखंड कापतो तेव्हा करकरतो, रिकामा फिरतो तेव्हा गुणगुणतो. याचा लेथ चारनंतर नुसता गुणगुणत होता. जुन्या शेडमध्ये त्याचा जोडीदार होता, त्याला सोडून जायचं नव्हतं गड्याला.

चुकणारा माणूस कुठेही चुकतो, ताई. बरोब्बर एकाने चुकायला हात बसलेला लागतो. तिचा पेपर काढ. अवघड गणितं चुकली की सोपी, तेवढं बघ. आणि तोवर तिला रागावू नकोस. तू रागावलीस की कशी दिसतेस, हे लहानपणी मी पाहिलंय.

पोरीला परत पाठवायचं नाव काढू नकोस, पण मनातून मीही हादरलोय. तिच्या पत्रांत मैत्रिणीचं नाव यायचं बंद झालं, आणि एवढे तिखट कान असून मला ऐकू आलं नाही.

उत्तराची वाट पाहतो.
धाकटा

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पेपर पाहिला. शेवटची तीन गणितं, जी वर्गात दुसऱ्या कुणालाच आली नाहीत, ती हिची बिनचूक. आणि पहिल्या पानावरच्या बेरजांत बरोबर उत्तरं खोडून चुकीची लिहिलेली! समासात पेन्सिलीने गुण मोजलेले.

जवळ घेऊन विचारलं, तेव्हा धरण फुटलं. म्हणाली, वर सगळ्या वहीवर हात आडवा धरून लिहितात. खाली, जुन्या तुकडीत, ती मैत्रिणीला गणित समजावून सांगायची, तेव्हा तिला स्वतःला जास्त कळायचं.

पण धाकट्या, खाली काय होतं, हे मी विसरलेले नाही. दहा मिनिटांत गणितं संपवून पोर उरलेला तास हाताची घडी घालून बसायची. तो लेथही रिकामाच फिरत होता ना? खाली पाठवू तर गंजेल, वर ठेवू तर मिटेल. आणि ही एकटी नाही. आणखी दोघींचे पेपर काढलेत. उघडायची भीती वाटते. सहा दिवस उरलेत. तू त्या लेथवाल्याचं पुढे काय केलंस?

ताई

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

त्याला हलवलं नाही. अवघड काम त्याच्याकडे नेलं. जुन्या शेडमध्ये, त्याच लेथवर. बघता बघता जोडीदारही शिकला.

हुशार पोरांना वेगळं काम हवं, हे तुझं शंभर टक्के खरं. वेगळी खोली हवी, हे कुणी सांगितलं? प्रत्येक तुकडीत पाच-पाच जणी ठेव, त्यांना तिथेच कठीण गणितं दे. वरची खोली दिवसातून एक तास उघड. जिला खाज असेल ती येईल. समिती गुरगुरेल. तू मुख्याध्यापिका आहेस, तूही गुरगुर.

धाकटा

२३ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न.

समितीची मीटिंग खूप लांबली. आत्या घरी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता, पण ती हसत होती. आता मी खालीच, जुन्या बाकावर. वरच्या तासाला आम्ही सव्वीस जणी असतो. माझी मैत्रीणही येते, तिची आधी निवड झाली नव्हती तरी.

आत्याने पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी किती गुण हवेत ते सांगितलंच नाही, म्हणून सगळी गणितं सोडवली. बाबा, रागावू नका, पण एकोणऐंशी मिळवणं फार कठीण होतं. शंभर सोपे असतात.

तुमची,
भिंगरी