आत्याचं कडवं

उरण, ५ जानेवारी २०२५

ती. कल्पिता आत्यास सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. बी.एड.च्या पाठासाठी मला बारावीच्या मुलींना कोडॉन शिकवायचे आहेत. आमच्या बाई म्हणतात, पुस्तकातली आकृती फळ्यावर उतरवू नकोस, घरातलं उदाहरण घे. आमच्या घरात बाबांचे ट्रेलर आणि आजीची लग्नातली गाणी, ते धवले, यांपलीकडे आहे काय? तू इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवतेस, तूच सुचव.

माझी हळद २ मार्चला आहे. बाबांनी तुझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, याची लाज वाटते.

आहे तो लोभ पत्रानं थोडा वाढव.

तुझी,
प्राप्ती

*

रेवदंडा, ११ जानेवारी

चि. प्राप्तीस अनेक आशीर्वाद.

उदाहरण तुझ्याच पत्रात आहे. पण आधी शास्त्र. डीएनए पेशीच्या केंद्रकाबाहेर येत नाही; त्याची नक्कल, एम-आरएनए, बाहेर येते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. तीन अक्षरांचा एक कोडॉन. त्याला जुळणारा टी-आरएनए ठरलेलं एकच अमिनो आम्ल घेऊन येतो. ते साखळीला जोडलं की रायबोसोम पुढच्या कोडॉनवर सरकतो. शेवटी थांबायला सांगणारा कोडॉन येतो. त्याला अमिनो आम्ल आणणारा कोणी नसतो, साखळी सुटते. तिची नीट घडी पडली की झालं प्रथिन.

आता माझी आई आठव, पाटावर बसून धवला म्हणणारी. एकेक कडवं घरातल्या एकेकीला बोलावतं. मामीचं आलं की मामीच तांदूळ घेऊन उठते, काकीचं आलं की काकी हळद आणते. कडवं स्वतः काही आणत नाही, फक्त बोलावतं. आत्याच्या कडव्याला आत्या पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी घेऊन येते. उदाहरण पुरतं जुळत नाही, हेही मुलींना सांग. एका अमिनो आम्लाला बहुधा एकाहून जास्त कोडॉन असतात. आपल्यात एकीला एकच कडवं.

हे तुझ्यासाठी सुचलं की माझ्यासाठी, असं दोन दिवस स्वतःला विचारते आहे. अजेयशी जातीबाहेर, घरी न सांगता लग्न केलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. माझ्या हळदीला धवला नव्हता. वाडीत सुपारी सोलताना तो मी मनात म्हणते, आणि कळशीशी येऊन अडते.

अभ्यासाइतकीच तब्येतही सांभाळ. माया आहेच.

तुझी,
आत्या

*

उरण, २४ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

पाठ आधी आजीपुढे म्हणून पाहिला. सुकट निवडत ऐकत होती. म्हणाली, एवढ्यासाठी कॉलेज लागतं व्हय, मग मी घरबसल्या प्रोफेसर झाले की.

मग मी विचारलं की आत्याचं कडवं मी कधीच कसं ऐकलं नाही, कान्हाकाकांच्या मैनाच्या हळदीलासुद्धा नाही. तिनं सुकटीचं सूप बाजूला सारलं. म्हणाली की तू घर सोडल्यापासून ती ते गाळते. म्हटलं तर कुणीतरी उठायला हवं, आणि घरात आत्या एकच, ती उठायला न्हाय.

तिनं दोन प्रश्न विचारलेत. पेशीत एक कडवं गाळलं तर काय होतं? आणि म्हटलं, पण बोलावलेली आलीच नाही, तर?

उत्तर धाड. आजी रोज पोस्टमनची वाट पाहते आणि कबूल करत नाही.

प्राप्ती

*

रेवदंडा, ३० जानेवारी

चि. प्राप्तीस आशीर्वाद.

आईला सांग. अख्खा कोडॉन गाळला तर पुढचं वाचन बिघडत नाही. साखळी पुरी झालेली दिसते, फक्त एक अमिनो आम्ल कमी. पण कधी कधी तेवढ्यानंच घडी चुकते आणि प्रथिन जिथं पोचायचं तिथं पोचत नाही.

बोलावलेला आला नाही, तर रायबोसोम तिथेच अडून राहतो. मात्र कायमचा नाही. फार वेळ गेला तर पेशी ते अर्धं काम मोडून टाकते.

हे सगळं पुस्तकातलं आहे, यात माझ्या मनातलं काही नाही, असं इथं लिहिलं होतं. ते खोटं होतं, म्हणून खोडलं. आईचे गुडघे कसे आहेत?

आत्या

*

उरण, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र आजीला वाचून दाखवलं, खोडलेल्या ओळीसकट. बाबा समोरच ट्रेलरचे कागद लावत होते. मी आवाज कमी केला नाही.

आजीचं ठरलं. यंदा ती तुझं कडवं म्हणणार आणि म्हणून झालं की गप्प बसणार. हळद वाळली, जेवणं थंड झाली तरी पुढचं कडवं न्हाय.

बाबा मान वर न करता म्हणाले की आईच्या गुडघ्यांना तासभर पाटावर बसणं झेपायचं नाही, तेव्हा येणाऱ्यानं वेळेवर यावं. बस, एवढंच.

आज सकाळी पाहते तर बाबा अंगणात बसून चिंचेनं कळशी घासत होते. माळ्यावरून त्यांनीच काढली. लखलखते आहे, तळ तेवढा काळा ठेवलाय. म्हणतात, तो जिची कळशी तिनं दोन दिवस आधी येऊन घासावा.

लोभ आता पत्रातून पाठवू नकोस. येताना घेऊन ये.

तुझी,
प्राप्ती