शीतगृहातली कोरी दुपार

बाई, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायलाही मोकळं वाटतं. संस्कृत शिकवून तुम्ही मला ज्या जगासाठी तयार केलंत, तिथे नोकऱ्या नव्हत्या. म्हणून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि आता पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये यंत्रं सांभाळते. नाशिकहून रोज जाऊन-येऊन. तिथली शिसारी कोणाला तरी सांगायची आहे, आणि तुम्ही आता मध्येच उच्चार सुधारणार नाही.

शीतगृहाच्या भिंतीवर एक डबी आहे. आतली द्राक्षं किती गार आहेत हे ती वायफायवरून परदेशातल्या खरेदीदाराला कळवत राहते. जोडणी तुटली तर काहीही साठवत नाही, तेवढा वेळ कोरा. डबीला ना पडदा, ना माउस. मी लॅपटॉपची वायर लावते आणि काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करते. आत बसून जोडणी सांभाळणारा जो प्रोग्रॅम आहे, त्याला डीमन म्हणतात, ऐकायला राक्षसच. नाक मुरडू नका, स्वभावाने तो तुमच्यावरच गेलाय. विचारल्याशिवाय बोलत नाही. एक अक्षर चुकलं की नुसता नकार, कारण सांगत नाही. पासवर्ड द्यायला समोर माणूस हजर आहे हे आधी कळवावं लागतं, तरच तो विचारतो. तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही पोळ्या लाटता लाटता पाठमोऱ्याच विचारायचात, "बसलीस का?" मी "बसले" म्हटल्याखेरीज पाठ सुरू होत नसे.

मागच्या आठवड्यात डबी सारखी तुटत होती. जोडलं म्हणते, आणि मी चहाचा कप उचलेपर्यंत गायब. शेवटी आत कोण कोण चालू आहे ते बघितलं, तर एक नाही, दोन डीमन. गेल्या हंगामातल्या ठेकेदाराने एक बसवला, या वर्षीच्याने दुसरा, आणि जुना काढायची तसदी कोणी घेतली नाही. दोघे एकाच वायफाय कार्डावर हक्क सांगतायत. एकाने जोडलं की दुसरा तोडतो. मॅनेजरच्या टेबलामागे एकाच खिळ्यावर चार वर्षांची कॅलेंडरं टांगलेली आहेत, तोच हा कारभार.

"जुना का नाही काढला?" मी मॅनेजरला विचारलं.

"कशाला काढायचं मॅडम? काही खायला मागतंय का ते?"

जुना मी बंद केला, जोडणी लागली ती टिकली. पण तोवर आदल्या दिवसाची अख्खी दुपार कोरी गेली होती, आणि निफाडच्या एका बागेचा माल त्याच खोलीत होता. कंटेनर संध्याकाळी निघणार. नोंदी अर्धवट असतील तर खरेदीदार माल नाकारू शकतो.

"दुपारचे आकडे टाकून द्या हाताने," मॅनेजर म्हणाला. "एक डिग्री, दीड, एक, दीड. खोली गारच होती ना?"

"असेल. मला माहीत नाही."

"मग झालं की. शेतकऱ्याचं भलं होतंय, तुमचं काय जातंय? लय शिकलेली माणसं लय अडवतात बघा."

मला शिसारी आली. त्याच्या बोलण्याने नाही, ते किती रोजचं होतं त्याने. आणि डोळ्यांसमोर आलं ते जुनं: तुम्ही स्नेहसंमेलनात मंचावर उभ्या आहात, पाहुणे समोर, पाठांतर ऐन रंगात, आणि तुम्ही थांबता. आम्हां मुलींना वाटतं, आता काहीतरी जुळवून म्हणतील. बाईंना काय अवघड आहे? कोणाला कळणारही नाही. तुम्ही म्हणता, "इथली ओळ मला आठवत नाही," आणि पुढच्या श्लोकापासून सुरू करता. आम्हांला तुमची लाज वाटली होती.

मी दुपार कोरी ठेवली. खाली लिहिलं: या वेळेत जोडणी नव्हती, तापमान माहीत नाही. खरेदीदाराने त्या खोलीतला माल घेतला नाही. तो इथेच, पडेल त्या भावाला गेला. बागेचे मालक पॅकहाउसमध्ये आले, आपले रिकामे क्रेट मोजून घेऊन गेले. मॅनेजर म्हणाला, "खा आता तुमचा खरेपणा."

त्यातली एक पेटी मी विकत आणली. द्राक्षं कडक होती, देठ हिरवे, गोडीला काही कमी नाही. खोली गारच असणार, बाई. मी खरं लिहिलं, मॅनेजर खरं बोलत होता, आणि नुकसान भलत्याचंच झालं.

पुढच्या वेळी मी दुपार कोरी ठेवीन की नाही, सांगता येत नाही. तुम्ही हयात असतात तर "ठेवीनच" असं लिहून पत्र टाकलं असतं.