माझं रक्त शंभर टक्के

१२ ऑगस्ट १९७२
आले एकदाची! संगमनेरपासून सात मैल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. मळ्याच्या मालकांनी फवारणीच्या मजुरांची रक्ततपासणी करायला मला अख्खी खोली दिलीय, खिडकीत कपाशी. पाऊस दडी मारून बसलाय, तरी माझी तक्रार नाही. शेजारची गोजरबाई फवाऱ्याचं, किडीचं औषध कालवते. पाच महिन्यांची पोटुशी, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी माझी चूल अन् पाणी दोन्ही तिनं ताब्यात घेतलं. मला फार आवडली ती.

१४ ऑगस्ट
काम सोपं आहे. नळीतल्या हिरव्या पाण्यात बोटाचं रक्त टाकलं की ते पिवळं होतं. औषध अंगात भिनलेलं असलं तर लवकर होत नाही. ताडून बघायला निरोगी रक्त लागतं. औषधाला न शिवणारी इथं मीच, म्हणून माझं रक्त शंभर टक्के. ते पुरतं पिवळं व्हायला बावीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात गोजरबाईचं निम्मंच पिवळं झालं. फवारणीवाल्या सहादेवचं अन् छगनचंही तसंच. तिघांचं काम बंद केलं. मॅनेजर भाऊसाहेब म्हणाले, पोटुशीचं कमीच असतं, सहादेवचं दारूनं कमी, छगनचं वयानं. वा रे वा! माणसागणिक फरक पडतो हे मलाही कळतं, पण म्हणून निम्मं? कामावर घ्यायला सही माझी लागते. नाही दिली.

२ सप्टेंबर
सगळ्यांचे आकडे सुधारले! गोजरबाई नव्वदवर. घरी बसून वैतागली होती; तिलाही, बाकी दोघांनाही सही दिली. हसत म्हणाली, भागिरथीबाई, तुमी उगा लई भ्यालात. माझंच डोकं दोन दिवस ठणकतंय. उन्हानं असेल.

९ सप्टेंबर
सहादेव सरीत कोसळला. तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गाडीत घालून संगमनेरला नेला. कालच तो शंभर टक्के होता, माझ्याच अक्षरात.

वही काढली. माझ्या रक्ताची मिनिटं — बावीस. एकोणतीस. पस्तीस. काल एकेचाळीस. मी म्हणत राहिले, रसायन जुनं झालंय. अगं मूर्ख बाई! माझंच रक्त मंद, म्हणून मी जास्त थांबले, अन् तेवढ्यात सगळ्यांचंच पिवळं झालं. ते सुधारले नव्हते. मी त्यांच्या पातळीला उतरले होते.

पण मी तर औषधाला शिवले नाही —

१० सप्टेंबर
पाणी. मजुरांच्या वस्तीत पाणी भरतात ती पिंपं औषधाचीच, रिकामी झालेली. गोजरबाईनं माझं राखेनं तीनदा घासलं, वास गेला म्हणून खूश. अख्खी वस्ती तेच पिते — माझ्या उलट्या थांबेनात. भाऊसाहेबांचा निरोप: बाईमाणसाला ऊन सोसत नाही, पडून राहा. पडते होय! गोजरबाई कपाशीत आहे, माझ्या सहीनं —

११ सप्टेंबर
भर दुपार, तरी अंधारलंय. हात उडतोय. छातीत घरघर —

पिंपं ओतली, लाथेनं. गोजरबाईला हाक मारली, आवाज फुटेना. वस्तीतल्या छबूबाईला धाडलं तिला ओढून आणायला. परतली की हे पान घेऊन छबूबाईच संगमनेरला जाईल, सरकारी डॉक्टरकडं.

सगळ्या सह्या रद्द. वय, दारू, पोट — एक सबब ऐकणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात.

काम बंद, ताबडतोब दवाखाना:
गोजरबाई
छगन
छबूबाई
भागिरथी सा—