मशीन चालू झालं त्या दुपारी

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मशीन अडलं की मी मनातल्या मनात तुम्हालाच विचारते. नांदेडला कापडाच्या दुकानावरच्या त्या तापलेल्या खोलीत तुमचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पडद्यावर एरर आला की मी घाबरून बटण दाबायची, मशीनच बंद करून टाकायची. एकदा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ते काहीतरी बोलून राहिलंय, अन् तू त्याचं तोंड दाबून राहिलीस. आधी वाच की." त्या दिवशी मी डबा न खाताच लोह्याला घरी गेले होते.

पुढं लातुरात मी तुमच्यासारखाच लिनक्सचा, कमांड लिहून मशीन चालवायचा क्लास काढला, ते बघायला तुम्ही नव्हता. इथं पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायच्या क्लासला जातात. माझ्याकडं येणारे कमी होत गेले, तशी मी एकेक मशीन विकत गेले. शेवटी एक मशीन उरलं आणि शिकणारी एक, रेणापूरची सून. एसटीनं यायची. सुरुवातीला माउस धरायलाही बिचकायची. आता कमांड लिहायला लागली होती. त्यात मागच्या आठवड्यात मशीनची डिस्क करकरायला लागली. मी नवी आणली आणि जुनीवरच्या सगळ्या फायली तिच्यावर उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी ती शिकायला आली तेव्हा मी मशीन उघडून बसले होते. पडदा काळा. फायली सगळ्या आल्या होत्या, पण मशीन सुरू होताना लिनक्सला उठवणारा तो छोटा प्रोग्राम, बूटलोडर, तोच आला नव्हता.

"थांबू का मॅडम?"

"थांब. बघ कसं करतात ते."

तिनं मोबाईलचा उजेड धरला. मी पेन ड्राईव्हवरून मशीन उठवलं, नव्या डिस्कवर बूटलोडर बसवला. आता लिनक्स सुरू झालं, पण मध्येच अडून बसलं. या वेळी मी वाचलं, सर. ते जुन्या डिस्कची वाट बघत होतं. एका फायलीत अजून तिचाच नंबर होता, आणि ती तर काढून टेबलावर ठेवलेली. मी नंबर बदलला. दुपार कलली तेव्हा पडदा उजळला. कितीतरी दिवसांनी मी हसले असेन.

"बस, आता तू चालव."

ती बसली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "मॅडम, उद्यापासून जमायचं न्हाई. घरचे नगं म्हणून राहिलेत. आज तेच सांगायला आल्ते."

"मग आल्या आल्या का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही ते उघडून बसल्या होत्या. तसं सांगू वाटलं न्हाई."

तुम्ही असता तर रेणापूरला जाऊन तिच्या सासऱ्यापुढं बसला असता. माझ्यात तेवढी उमेद उरली नाही. एसटी स्टँडकडं जाणारी तिची ऑटो वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. आत मशीन चालू होतं, आणि त्याच्यापुढं बसायला कुणी नव्हतं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही. उद्या क्लासचं शटर उघडायचं नाही, एवढंच सुचलं, आणि सर, बरं वाटलं.