चंदनबालाचं जपानी, माझी बोटं

शनिवार, ६ मार्च १९९९

जळतोय मी. सरळ लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय!

जपानी शिकायची टूम माझी. मागच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात एक जपानी व्यापारी हळद बघायला आला. कुणालाच त्याच्याशी बोलता येईना, आम्ही सगळे अडते नुसते हसत उभे! तेव्हा पुस्तक मी आणलं. सायबर कॅफे मी शोधला. इंटरनेटवर जपानीचे नवशिके दर शनिवारी गप्पा मारतात, ती चॅट-रूमही मीच शोधली. पुस्तकात म्हटलंय, संवाद दोघांनी म्हणावेत. म्हणून बायकोला, चंदनबालाला, सोबत घेतलं. मुलगा आर्जव पाचगणीला होस्टेलात गेल्यापासून घर गप्प असतं, म्हटलं तिचाही वेळ जाईल. हात दाखवून अवलक्षण!

आज ती रूम चालवणाऱ्या ओकादा-साननी सगळ्यांसमोर लिहिलं — सांगलीकरांचं वाक्य फार सुंदर. वाक्य हिचं. टाईप केलेलं मी!

शनिवार, १३ मार्च

व्यवस्था अशी आहे. हिला कीबोर्डवर अक्षर सापडत नाही, मी टायपिंगची परीक्षा पास. ही स्टुलावर बसून बोलते, मी खुर्चीवर बसून इंग्रजी अक्षरांत बडवतो. ओकादा-सान तिकडे जपानात नागोयाहून सोपे सोपे प्रश्न टाकतात. ब्राझील, केनिया, कुठकुठली मंडळी तुटक्या जपानीत उत्तरं देतात.

आजचा प्रश्न — लहानपणी काय व्हायचं होतं? मी 'व्यापारी' लिहून मोकळा झालो. ही म्हणाली, एस.टी.ची कंडक्टर! रोज नवीन गाव, आणि घंटीची दोरी आपल्या हातात. सगळी रूम खूश.

लग्नाला बारा वर्षं झाली. मला कधी बोलली नाही! परत येताना स्कूटरवर विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही कधी विचारलंत?"

मंगळवार, १६ मार्च

सौद्यात लक्ष नव्हतं. हातात हळकुंड, डोक्यात कंडक्टर.

शनिवार, २७ मार्च

आजचा प्रश्न — कोणता पदार्थ आवडत नाही? ही म्हणाली, पुरणपोळी. माझी बोटं थांबली. दर सणाला आई वाढते आणि ही तूप घालून खाते! "टाईप करा की," म्हणाली. केलं. ओकादांनी विचारलं, मग खाता कशाला? "सासूबाईंचं तोंड बघून." तेही टाईप केलं. माझ्या आईची चहाडी, माझ्याच बोटांनी! आता नागोयाच्या त्या माणसाला आमच्या ताटातलंही सगळं ठाऊक.

आम्हा जैनांना दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, म्हणून मी उठायला लागलो. ही म्हणते, "थांबा हो, ते काहीतरी लिहितायत!" थांबलो. घरी आई दारातच उभी — "दिस बुडाला की रं! आता ऱ्हावा दोघं उपाशी." राहिलो. ही उपाशीपोटीसुद्धा गुणगुणत होती.

शनिवार, ३ एप्रिल

आज धीर करून मीच विचारलं. ओकादा-सान, तुमचं वय काय, घरी कोण कोण? उत्तर आलं — बाहत्तर. शाळेतून निवृत्त झालेली बाई, घरी एक मांजर!

'सान' पुरुषालाही लावतात आणि बाईलाही. पहिलाच धडा, मीच शिकवला होता हिला. आणि हिला पहिल्यापासून माहीत! "तुम्हाला काय वाटलं होतं?" म्हणाली. म्हटलं, कुठे काय. हलका झालो. येताना तिच्यासाठी भडंगाची पुडी घेतली.

शनिवार, १० एप्रिल

हलका वगैरे काही झालेलो नाही.

प्रश्न बाईचा-पुरुषाचा नव्हताच. त्या स्टुलावर हिचा जो आवाज लागतो, तो घरी लागत नाही. घरी 'वाढू का', 'मीठ बरोबर आहे ना', एवढंच. आता जळू तरी कुणावर? म्हातारीवर? तिच्या मांजरावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

शनिवार, २४ एप्रिल

ही माझ्या पुढे गेली. मी अठराव्या धड्यात रुतलोय, हिचं पुस्तक संपलं! वाक्य बोलते त्यातलं निम्मं मला कळत नाही. पण विचारणार नाही. मेलो तरी विचारणार नाही. पुस्तक मी आणलं होतं! ती बोलते, मी बडवतो, आणि सगळं कळल्यासारखी मान हलवतो.

शनिवार, १५ मे

आज कहर झाला.

प्रश्न होता, पुढच्या वर्षी काय करणार? हिनं स्टूल पुढे ओढलं. मग एक भलंमोठं वाक्य बोलली, अडखळत, पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघून. मला त्यात दोनच शब्द लागले. 'पुणे', आणि 'शुजिन', म्हणजे नवरा. लग्नानंतर चार दिवस पुण्याला गेलो होतो, तेच सांगत असणार. आमचं खाजगी! साऱ्या जगाला! रागारागानं बडवलं आणि पाठवून दिलं.

"कळलं ना तुम्हाला?" म्हणाली.

"कळलं की!"

"मग?"

"मग काय — हो!"

तेही तिनं जपानीत सांगून टाईप करायला लावलं. मग ओकादा-बाईंचं अभिनंदन, ब्राझीलचं अभिनंदन, केनियाचं अभिनंदन. कशाबद्दल? बारा वर्षांपूर्वीच्या पुण्याबद्दल? हिचे डोळे भरून आले. भर कॅफेत माझा हात धरला. मन भरून यायचं म्हातारीच्या शब्दांनी, आणि धरायला हात माझा!

सोमवार, १७ मे

आमटी वाढताना तोच आवाज लागला. घरात! बारा वर्षांत पहिल्यांदा. आठवण कुणाची येत होती कोण जाणे. वाटी तशीच ठेवून उठलो.

बुधवार, १९ मे

सकाळी आई म्हणाली, "सुनंला वरीसभर पुण्याला धाडतुयास म्हणं. तूच व्हय म्हणालास, मग मी कशाला आडवी येऊ?"

आत गेलो. ही बॅग पुसत होती. विचारलं, मी कधी हो म्हणालो?

"शनिवारी. तुम्हीच तर टाईप केलंत! म्हटलं, आता माझ्या नवऱ्याला विचारते — मी वर्षभर पुण्यात एकटी राहून जपानी शिकू का? मराठीत विचारायचा धीर होईना हो. महिनाभर ते एक वाक्य घोकत होते." मग एकदम थांबली. "कळलं होतं ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "कळलं होतं."