तुरीचं लॅटिन नाव

सर, आज वर्गात तुमच्यावर खटलाच भरला होता. मी लातूरला एका क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवते, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना. तुरीचं शास्त्रीय नाव आलं आणि मी तुम्ही शिकवलं तसं म्हटलं, कजानस कजान. पहिल्या बाकावरच्या देगलूरच्या मुलीने फोन काढला, त्यातल्या बाईला बोलायला लावलं. ती बाई म्हणाली, कजेनस केजन. "मॅडम, फोनमधी तर येगळंच सांगून राहिलेत. तुमचं चुकलं का मग?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. चुकण्याची मला लाज नाही हो, रोज काही ना काही चुकतेच. पण हा उच्चार माझा नव्हता, तुमचा होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमच्या बाजूने बोलायला त्या वर्गात मी एकटीच होते.

हदगावहून मी नांदेडच्या कॉलेजात आले ती मराठी शाळेतून. आमच्या घरचा कापूस तुमच्या प्रयोगशाळेत गॉसिपियम झालेला. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचायचे. शहरातली पोरं नावं फाडफाड म्हणायची, मी पहिला तुकडा कसाबसा म्हणून उरलेलं गिळून टाकायचे. तोंडी परीक्षा जवळ आली तसं मी मनाशी ठरवलं, हा विषय सोडायचा. विषय सोडायचा म्हणजे कॉलेजच सोडायचं, कारण दुसरं काही शिकायला वडील मला नांदेडला ठेवणार नव्हते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, की कळलंच नव्हतं, ते विचारायचं राहून गेलं.

एके दिवशी तास सुटतो आणि तुम्ही दारात आडवे उभे राहता, नवरीला अडवायला करवल्या उभ्या राहतात तसे. हातात खडू, पँटला खडूची भुकटी. "आज एकेकानं झाडाचं नाव घ्यायचं, उखान्यात. घेतल्याबगर सोडनार न्हाई. पोरांनापन न्हाई." पोरं खिदळतात, पण घेतात. केळीचं होतं, ज्वारीचं होतं. माझी पाळी येते आणि मी नेहमीसारखी पुटपुटते. तुम्ही कधी नव्हे ते रागावता. "उखान्यात नाव गिळलेलं चालतंय का माय? मग हितं का गिळतीस? अगं, ही लॅटिन भाषा आता कुनाच्याच घरात बोलत न्हाईत. पुन्यावाल्याच्याबी न्हाई. मग तुला एकलीलाच कशाचं भ्याव?" माझ्या डोळ्यांत पाणी. खिडकीबाहेर लिंब उभा. कुठून सुचलं देव जाणे, मी म्हणाले, "पाडव्याचा पाला कडू, थुंकून देऊ नका, लिंबाचं नाव घेते, अझाडिरॅक्टा इंडिका." शेवटचं तर ओरडलेच. वर्ग टाळ्या पिटतो. तुम्ही दारातून बाजूला होता आणि मला वाट देता. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलेलं प्रत्येक नाव मी सबंध घेतलं. आजचं माझं पोटपाणी, नाव, सगळं त्या दुपारचं आहे.

तर आज देगलूरच्या त्या पोरीला मी छातीठोकपणे सांगितलं, "दोन्ही बरोबर आहेत. जगात दोन्ही म्हणतात." ती "हाव का?" म्हणाली आणि फोन दप्तरात टाकून पुढचं लिहायला लागली. तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये पुस्तकं काढली, फोनवरही शोधलं, जेवणाचा डबा तसाच राहिला. निघालं, खरंच दोन्ही चालतात. लॅटिन वाचायच्या वेगवेगळ्या रीती आहेत म्हणे, तुमची त्यातलीच एक. माझा जीव भांड्यात पडला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहायला धीर येतोय. सर, मी आधी बोलले आणि मग शोधलं. दोन्ही बरोबर असतात हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. तुम्हाला कुणी चुकीचं म्हणू नये, एवढंच माहीत होतं.